दमसास

१

बायकोवर किती जीव लावावा हे बघायचं असेल तर नागेंद्रकडं बघावं, असं वडगावातल्या त्या गल्लीत बायका बोलायच्या. रोज सकाळी सात वाजता तो रचनाला स्कूटरवरून बेळगावच्या बसस्टँडवर सोडायचा, निपाणीच्या गाडीत खिडकीची जागा धरून द्यायचा आणि गाडी हलेपर्यंत खाली उभा राहायचा. मग आपल्या ऑफिसला जायचा. रचना निपाणीत एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला होती. दीड तासाचा रस्ता. हत्तरगीचा टोलनाका आला की नागेंद्रचा पहिला फोन, संकेश्वरला दुसरा, तवंदीचा घाट उतरला की तिसरा. "कुठं आलीस?" एवढंच विचारायचा. तिनं सांगितलं की म्हणायचा, "आता जीवात जीव आला बघ."

रचनाला ते आवडायचं. तिचे वडील निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत मुकादम होते. भला माणूस, पण मुलगी जेवली का हे त्यांनी उभ्या जन्मात विचारलं नव्हतं. कॉलेजातून यायला अंधार झाला तरी घरात कुणाची मान वळायची नाही. तिशीला आल्यावर लग्न झालं आणि अचानक एक माणूस तिच्या प्रत्येक मैलाची चौकशी करू लागला. तहानलेल्याला पाणी मिळाल्यावर ते कुठल्या विहिरीतलं आहे हे कोण विचारतं?

घरात तिसरं माणूस म्हणजे सासू, जयाबाई. खानापूर तालुक्यात नंदगडच्या अलीकडं त्यांचं गाव. नवरा गेल्यावर जमीन वाट्यानं लावून त्या मुलाकडं राहायला आल्या होत्या. रचना त्यांना आत्ती म्हणायची. कमी बोलणारी, कामाला वाघीण, आणि एक खोड अशी की मुलगा घरात असला की त्या त्याच्याकडं सारखं बघत राहायच्या. दुधावर लक्ष ठेवतात तसं.

गल्लीत घराघरांत यंत्रमाग होते. दिवसभर खटाखट चाले. त्या आवाजाची इतकी सवय झालेली की तो चालू असताना ऐकूच यायचा नाही. ऐकू यायचं ते तो थांबल्यावर.

मार्चमधल्या एका सुट्टीच्या दुपारी लाईट गेली. सगळे माग एकदम थांबले. नागेंद्र खाटेवर झोपला होता, रचना त्याच्या शेजारी पेपर वाचत पडली होती. गल्ली अशी गप्प झाली की तिला श्वास ऐकू आला. त्याचा असेल असं तिला वाटलं. मग लक्षात आलं, आपलाही त्यातच आहे. दोघांचा मिळून एकच आवाज येत होता, आत आणि बाहेर, जरासुद्धा पुढंमागं नाही. आणि स्वयंपाकघरातून, जिथं आत्ती तांदूळ निवडत होत्या, तिथूनही तोच.

झोपेत नागेंद्रचा श्वास थोडा अडला. घोरणाऱ्या माणसाचा अडतो तसा. त्याबरोबर रचनाचा अडला. स्वयंपाकघरात सूप वाजायचं थांबलं.

चार-पाच सेकंद झाले. नागेंद्र कुशीवर वळला, श्वास सुटला. सूप पुन्हा वाजू लागलं.

एकत्र राहणाऱ्या माणसांचं होत असेल असं, रचनानं मनाशी म्हटलं. तिला थोडं हसूही आलं. लाईट आली, माग सुरू झाले, आणि ती ते विसरून गेली.

२

एप्रिलात लॅबमधल्या नीलमचं डोहाळजेवण होतं. नीलम तिची सहकारी, वयानं लहान, बडबडी. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच बायकांनी जमवलं होतं. पर्स खाली, पहिल्या मजल्यावरच्या लॅबमध्ये राहिली, फोन पर्समध्ये. गाणी म्हणता म्हणता चार वाजले.

ओटीत नारळ घालायला रचना वाकली आणि तिचा श्वास आला नाही.

घसा दाटला नव्हता. छातीत कळ नव्हती. नुसता पुढचा श्वास यायला हवा होता, तो आला नाही. आपण घ्यायला गेलो की येतो, इतकं साधं काम, पण जिथून तो घ्यायचा ती जागाच सापडेना. तिनं नीलमचा दंड धरला. बायकांना वाटलं चक्कर आली. कुणीतरी खुर्ची दिली, कुणी पदरानं वारा घातला. नीलमनं सिस्टरच्या खिशातलं ऑक्सिजन मोजायचं यंत्र तिच्या बोटाला लावलं. ब्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. त्र्याऐंशी.

आणि मग आला. एकदम, इतका मोठा, की तिच्या तोंडातून आवाज निघाला.

डॉक्टरांनी ईसीजी काढला, छाती तपासली. सगळं नॉर्मल. "दगदग कमी करा," ते म्हणाले, "भीतीचा झटका असतो हा. माणसाला वाटतं श्वास बंद झाला, होत काही नाही." त्र्याऐंशीचा आकडा तिनं सांगितला तर म्हणाले, नेलपॉलिशमुळं चुकतं कधी कधी. तिच्या बोटांना नेलपॉलिश नव्हतं.

खाली येऊन फोन बघितला. नागेंद्रचे अकरा मिस्ड कॉल. तिनं लावला. एक रिंग पुरी व्हायच्या आत त्यानं उचलला. तो धापा टाकत होता आणि त्याच्या आवाजाला घुमारा होता, जणू खोल जागेतून बोलतोय.

"होतीस कुठं?"

"वर होते हो. नीलमचं डोहाळजेवण, सकाळी सांगितलं नव्हतं का? तुम्ही कुठं आहात?"

"ऑफिसात. रेकॉर्ड रूममधे." तो थोडा वेळ नुसता श्वास घेत राहिला. "तुझा फोन लागला न्हाई की मला कायतरी हुतंय बघ, रचना. लई वाईट हुतंय."

त्याच्या आवाजात रडू होतं. रचनाला त्याची दया आली. आणि त्या दयेच्या तळाशी, अजून नाव नसलेलं, काहीतरी गार लागलं.

३

रचना रोज शेकड्यानं नमुने तपासणारी बाई. एका रिपोर्टवर विश्वास ठेवायचा नाही, पुन्हा करून बघायचं, हे तिच्या हाडात मुरलेलं. तिनं एका वहीत तारखा लिहायला सुरुवात केली.

मे महिन्यात पाच वेळा झालं. संकेश्वरला रेंज नव्हती तेव्हा. मीटिंगमध्ये तिनं फोन कापला तेव्हा. एकदा रविवारी, ती खडेबाजारात आईसाठी साडी घेत होती आणि दुकानदाराशी हसून बोलत होती. नागेंद्र शेजारीच उभा होता. प्रत्येक वेळी थोडं जास्त लांबलं. प्रत्येक वेळी ती नागेंद्रशी बोलली, त्याच्याकडं वळली, की श्वास आला.

योगायोग म्हणायला पाच पुष्कळ नाहीत, असं ती स्वतःला सांगे. आपणच घाबरतो, फोन हुकला म्हणून घाबरतो, घाबरलो की श्वास अडकतो. डॉक्टरही तेच म्हणाले. कारण आधी की परिणाम आधी, एवढाच प्रश्न.

म्हणून जूनमध्ये तिनं एक दिवस संकेश्वर सुटल्यावर मुद्दाम फोन बंद केला. घाबरायचं नाही असं ठरवून, लॅबमध्ये पोचताच खुर्चीत टेकून, बोटाला यंत्र लावून बसली. नाडी बहात्तर. मन शांत. घाटाचा फोन यायची वेळ टळून दहा मिनिटं झाली, वीस झाली. काही झालं नाही. ती हसली आणि उठायला गेली.

आकडे उतरू लागले तेव्हाही तिची नाडी बहात्तरच होती. ती घाबरलेली नव्हती. ऐंशीवर आले तेव्हा डोळ्यांच्या कडा काळ्या झाल्या. तिनं चाचपडत फोन चालू केला. तो सुरू व्हायला लागलेला वेळ तिला जन्मभर आठवणार होता.

"आलीस व्हय," तो म्हणाला. तिनं तोंडातून अक्षर काढायच्या आत.

४

आत्तींशी बोलायचा मोका सहज मिळत नसे, कारण नागेंद्र घरात असताना त्या बोलत नसत. एका शनिवारी तो ऑफिसच्या कामाला खानापूरला गेला. दोघी मागच्या पडवीत शेवया वळत बसल्या होत्या.

"आत्ती, हे लहानपणी कसे होते?"

"कसं म्हंजे? पोरावानी पोर." जयाबाईंनी हातातला गोळा फिरवला. मग म्हणाल्या, "दमसास लई त्याचा. गावात कुणाचा नव्हता तसला. हिरीत बुडी मारली की वर यायचा न्हाई. पैजा लावायची माणसं."

"किती वेळ?"

"मी माहेरला निघाले की बुडी मारायचा." त्यांनी उत्तर दिलं ते रचनाच्या प्रश्नाला नव्हतं. "बोचकं बांधलं की ह्यो हिरीकडं. तळाला जाऊन बसायचा. काठावर उभी राहून मी हाका मारायची. माझाच जीव जायचा गं पोरी."

"म्हणजे, काळजीनं."

जयाबाईंनी मान वर केली. त्यांचे डोळे घारे होते आणि त्यात काही लपवलेलं नव्हतं. फक्त इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "जायचा."

मागांची खटाखट चालली होती. रचनाच्या हातातली शेवई तुटली.

"मग तुम्ही काय केलंत?"

"माहेरला जायचं सोडलं. आई गेली माझी, तवाबी गेले न्हाई." त्या पुन्हा वळू लागल्या. "एकदाच त्याला मी वर काढला. हाक मारून न्हवं. काठावर बसले आन् मीच दम धरला. डोळ्याम्होरं अंधारी आली तरी सोडला न्हाई. तवा आला वर. बोंबलत आला. नऊ वर्सांचं पोर, घाबरून धोतरागत पांढरं झालतं. पुन्ना न्हाई केलं मी तसं. आईच्यानं हुतंय व्हय ते?"

५

जुलैत एका बुधवारी दवाखान्याची मशीन बिघडली आणि रचनाला अकरालाच सुट्टी मिळाली. तिनं नागेंद्रला कळवलं नाही. त्यानं तापाचं सांगून रजा काढली आहे, हे तिला सकाळीच माहीत होतं. परतीच्या वाटेवर तिनं त्याच्या फोनना नेहमीप्रमाणं उत्तरं दिली. लॅबमध्ये आहे म्हणाली. जेवायला बसतेय म्हणाली. लग्नानंतरचं तिचं हे पहिलं खोटं.

गल्लीच्या तोंडाशी उतरून ती चालत आली. दार आतून लावलेलं. ती बोळातून मागं गेली. मधल्या खोलीच्या खिडकीची एक झडप उघडी होती. तेवढ्यात तिच्या हातातला फोन थरथरला. त्याचा. तिनं तो उचलला नाही. तिला बघायचं होतं.

नागेंद्र खोलीच्या मधोमध लाकडी खुर्चीवर बसला होता, खिडकीकडं पाठ करून, फोटो काढायला बसतात तसा ताठ. फोन त्यानं समोरच्या स्टुलावर ठेवला. दोन्ही हात मांड्यांवर. त्याच्या समोरच्या दारातून स्वयंपाकघर दिसत होतं. तिथं आत्ती ओट्याला धरून उभ्या होत्या, तोंड उघडं, डोळे भिंतीवर. त्या धडपडत नव्हत्या. पाऊस थांबायची वाट बघावी तशा उभ्या होत्या.

रचनाचा श्वास गेला. हे होणार हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं खिडकीचा गज धरून ठेवला आणि बघत राहिली.

नागेंद्रचे केस हलत होते.

पंखा बंद होता. खोलीत वाऱ्याची झुळूक नव्हती. दारावरचा पडदा सरळ लोंबत होता. पण त्याचे केस डोक्यापासून सुटून वर आले होते आणि हळूहळू एका बाजूला झुकत होते, मग दुसऱ्या. शर्टाची पाठ फुगून अंगापासून वेगळी झाली होती. कॉलरचं टोक वर तरंगलं, थोडं थांबलं, आणि फार सावकाश खाली आलं.

गजावरची बोटं सुटायला लागली.

"आलीस?" नागेंद्र म्हणाला. मागं वळला नव्हता.

आणि तिघांनाही श्वास आला.

६

त्या संध्याकाळी ती त्याच्याशी सरळ बोलली.

"तुम्ही मुद्दाम करता का?"

तो रडला. त्याचं रडणं खोटं नव्हतं, हीच अडचण होती. "मी काय करतोय गं? तू न्हाईस असं वाटलं की माझं सगळं थांबतंय. मला तरी कुठं सुख हाय त्यात? तू हाईस तर मी हाय." त्यानं तिचा हात गालाला लावला. गाल गार होता. "कुणी कुणावर एवढा जीव टाकलेला बघितलायस तू?"

"नाही," रचना म्हणाली. ते खरंच होतं.

"मी आठवडाभर निपाणीला आईकडं राहीन," ती पुढं म्हणाली. "शनिवारी येत जाईन."

"जा की." त्याचा आवाज मऊ होता. "मी अडवलंय का तुला?"

रविवारी सकाळी ती निघाली. नागेंद्र सोडायला आला नाही. मधल्या खोलीत जाऊन बसला. आत्ती रिक्षापर्यंत आल्या.

"तुम्ही पण चला, आत्ती."

"मी कुठं येऊ? माझं पोर हाय ते." त्यांनी रचनाच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "थांबू नगंस. काय बी झालं तरी मागं फिरू नगंस. मी बघते."

काकती मागं पडलं तोवर काही झालं नाही. हत्तरगीच्या नाक्यावर गाडी थांबली आणि श्वास गेला. आधीच्या सगळ्या वेळांवरून तिनं तयारी केली होती, पण हा तसा नव्हता. या वेळी तो परत आणण्याची घाई कुणालाच नव्हती. शेजारची म्हातारी मोसंबं सोलत होती. त्या सालीचा वास रचनाला येत नव्हता, कारण वास यायला श्वास लागतो. फोन तिच्या मांडीवर होता. एक बटण. "येते" हा एक शब्द. तिनं फोन पिशवीत तळाला घातला आणि पिशवीवर बसली.

खिडकीबाहेरचा ऊस काळा होत गेला. मोसंबं सोलणारी बाई लांब गेली.

आणि मग कुठूनतरी, नागेंद्रच्याही मागून, दुसराच जोर आला. दोराला दोन बाजूंनी ओढ लागल्यावर मधल्या गाठीला जाणवावं तसं तिला जाणवलं. क्षणभर दोन्हीकडून सारखीच ओढ. मग एक बाजू तुटली.

श्वास आला. साधा, हलका, नुसता. म्हातारीनं तिच्या हातावर मोसंब्याची फोड ठेवली.

संकेश्वरला फोन वाजला. गल्लीतल्या अक्काताईंचा होता. "रचना, लगेच ये गं बाई. तुझी सासू गेली. बसल्या जागी. लेकाच्या म्होरं बसली हुती."

७

दवाखान्यानं हृदयविकार लिहिलं. बासष्ट वय, कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. गावाकडून भावकी आली, दिवस झाले, भावकी गेली. जाताना जो तो रचनाला एकच सांगून गेला: आता त्याला तुझ्याशिवाय कोण हाय?

बारा दिवस नागेंद्र तिच्याकडं नीट बघत नव्हता. आईविषयी एकदाच बोलला. "ती माझ्याकडं बघत हुती," म्हणाला. "मला वाटलं सोडंल. तिनं सोडलाच न्हाई."

तेराव्या दिवशी दुपारी, घर झाडून झाल्यावर, तो रचनासमोर येऊन बसला आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"आता तू कुठं जायाची न्हाईस."

"जाणार आहे मी. आजच."

त्यानं मान हलवली, समजुतीनं. आणि श्वास थांबवला.

रचनाचा थांबला. तिनं तोंड उघडलं नाही, हात सोडवून घेतले नाहीत. आत, जिथं एरवी ती आंधळ्यासारखी चाचपडायची, तिथं ती या वेळी शांतपणे गेली आणि तिनं दार आपल्या बाजूनं लावून घेतलं.

नागेंद्रला कळायला थोडा वेळ लागला. आधी त्याच्या कपाळावर आठी आली. मग तो हसला, कारण दमसासात त्याला कोण हरवणार? त्याचे केस हळूच वर आले. रचनाला आपल्या मानेवरची बट सुटून गालाशी तरंगताना जाणवली. दोघांच्या मधे कसलातरी हिरवा अंधार होता आणि मागांचा आवाज वरून, फार वरून येत होता.

पुढचं दार ढकलून अक्काताई आल्या. हातात झाकलेलं ताट. दोघं समोरासमोर, हात हातात, डोळ्यांत डोळे घालून बसलेली त्यांनी पाहिली आणि त्या उंबऱ्यातच थबकल्या.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "बसा बसा. असंच एकमेकांस्नी धरून ऱ्हावा." ताट कट्ट्यावर ठेवून, डोळे पुसत त्या निघून गेल्या.

नागेंद्रचं हसू तेव्हा गेलं. तो आजवर बुडाला होता तो काठावर कुणीतरी आहे म्हणून. त्याच्या हाकेला येणारं माणूस नेहमी होतं. रचनाच्या डोळ्यांत त्यानं बघितलं तर तिथं कुणाची वाट बघणं नव्हतं. ती काठावर नव्हतीच. ती त्याच्याही खाली होती.

त्याचं तोंड उघडलं. तो हुंदक्यासारखा श्वास घेऊन मागं कोसळला, खुर्ची उलटली, आणि तो हातापायांवर भिंतीपर्यंत सरकत गेला.

"जा," तो म्हणाला. "जा. जा तू."

८

रचना निपाणीला राहू लागली. त्याचा फोन आला नाही. पहिला आठवडा ती सुटलेल्या वासरासारखी होती. काम संपल्यावर उगीच बाजारातून हिंडून यायची. आई तिला काही विचारत नसे. उशीर झाला तर जेवण झाकून झोपून जाई.

दुसऱ्या महिन्यात तिला श्वासाचं ओझं वाटू लागलं. तो येत होता, पण आपला आपण घ्यावा लागत होता, एकेक, विहिरीतून पोहरा ओढावा तसा. लक्ष दुसरीकडं गेलं की चुकायचा. हत्तरगी, संकेश्वर, घाट. त्या वेळा रोज येत आणि कुणी काही न विचारता निघून जात. तिला वाटलं, तोही तिकडं असाच झुरत असेल. त्या कल्पनेनं बरं वाटायचं.

दिवाळीनंतर नीलम बाळंतपणाची रजा संपवून कामावर आली. तिचा मावसभाऊ नागेंद्रच्या ऑफिसात होता. "मॅडम, सांगावं की नको कळत नाही," ती म्हणाली. "तुमचे मिस्टर आता चांगले आहेत म्हणे. ऑफिसच्या लोकांबरोबर गोकर्णला जाऊन आले. हसतात, बोलतात. वजनसुद्धा वाढलंय."

"बरं झालं," रचना म्हणाली.

तिनं हातातला नमुना पुरा तपासला, रिपोर्ट लिहिला, हात धुतले. अकरा वाजले होते. खिडकीतलं ऊन फरशीवर पडलं होतं. ती स्टुलावर ताठ बसली, हात मांड्यांवर ठेवले आणि श्वास थांबवला. नुसतं बघावं, तिनं मनाशी म्हटलं. लागतंय का अजून, एवढंच.

लागलं. दुसऱ्या टोकाला कुणीतरी दचकलं ते तिला स्पष्ट कळलं. किती दिवसांनी तिला कुणीतरी असल्यासारखं वाटलं.

फोन वाजू लागला. तिनं उचलला नाही.

"मॅडम?" नीलम म्हणाली. "मॅडम, तुमचे ओठ बघा कसे झालेत. श्वास घ्या!"

रचनानं एक बोट वर केलं. थांब.

तो स्कूटर घेऊन निघाला हे तिला कळलं, मग ती हिशेबानं वागली. काकतीपर्यंत त्याला थोडे श्वास दिले. हत्तरगीपर्यंत थोडे. तवंदीच्या घाटात वळणं आहेत, तिथं स्कूटर सांभाळता येईल इतके दिले, त्याहून एक जास्त नाही. नीलमला तिनं सांगितलं की मला बरं वाटतंय, आणि ते खरं होतं. गेल्या कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

दीडच्या सुमाराला खाली फाटकाशी स्कूटर पडल्याचा आवाज झाला. नागेंद्र जिन्यानं वर येऊ लागला. कठड्याला धरून, एकेक पायरी, मधे थांबत. लॅबच्या उघड्या दारातून तिला आधी त्याचे केस दिसले, मग पांढरं पडलेलं तोंड. त्यानं तिच्याकडं बघून हात जोडले.

रचना उठून दारात आली. तो वरच्या पायरीवर येईपर्यंत तिनं श्वास घेतला नाही.